घरात दिसणारा बाप : कवी नारायण वामन टिळक



वडिलांच्या आदर्शाविषयी बोलायचे झाले की आपण संत योसेफाचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. शुभवर्तमानात त्यांच्या तोंडचा एक शब्दही नोंदलेला नाही. त्यांनी जे शिकवले ते करून दाखवले. पण योसेफाचे चित्र पाहून आपल्यातील पुष्कळ बाप मनातल्या मनात एक पळवाट काढतात. ते संत होते, आपण साधी माणसे, आपल्याला राग येणार, आपला तोल जाणार, असे म्हणून ते मोकळे होतात. म्हणून या रविवारी आम्ही अशा एका बापाची ओळख करून देत आहोत, ज्याला राग येत होता, ज्याचा तोल जात होता, आणि तरीही ज्याच्या मुलाला आपल्या बापाचे चरित्र लिहावेसे वाटले.

हे गृहस्थ म्हणजे कवी नारायण वामन टिळक. त्यांच्या कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचल्या आहेत, आणि त्यांची भजने आजही मराठी ख्रिस्ती लोक भक्तिभावाने गातात. टिळक कॅथलिक नव्हते. त्यांचा बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत झाला. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आपल्याला शिकवले आहे की, इतर मंडळ्यांतील आपल्या बांधवांच्या जीवनात ख्रिस्ताने केलेले काम आपण ओळखावे आणि त्यातून आपणही घडावे. त्या भावनेने आपण त्यांच्या घराकडे पाहू या.

वडिलांचा वारसा

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने ते कडक आणि तापट होते. घरात माया होती ती आई जानकीबाईंची. भक्ती आणि कवितेची गोडी मुलाला आईकडूनच लागली. ही आई तो लहान असतानाच गेली आणि मुलाला घर परके झाले. तो नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्य शिकला आणि पुढे काही काळ इंग्रजी शाळेत गेला. शिक्षण अर्धवट टाकून त्याला पोटासाठी मास्तरकी धरावी लागली.

बापाच्या रागाची झळ ज्याला लागली, त्याने मोठेपणी शांत व्हावे, असे आपल्याला वाटते. पण तसे क्वचितच होते. ज्या रागाने आपण लहानपणी रडलो तोच राग आपल्या नकळत आपल्या आवाजात येऊन बसतो. टिळकांचेही तसेच झाले. स्वभाव तापट, मन उतावीळ आणि पायाला भिंगरी. १८८० साली त्यांचे लग्न नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. पुढे मराठी साहित्यात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक त्या याच. लग्न झाले तेव्हा त्या लहान मुलगीच होत्या. सुरुवातीच्या वर्षांत टिळक न सांगता घर सोडून जात, आज या गावी तर उद्या त्या गावी नोकरी धरत आणि सोडत. कधी शिक्षक, कधी पुराण सांगणारे, कधी छापखान्यात खिळे जुळवणारे. संसार म्हणून जो काही होता तो लक्ष्मीबाईंनी सांभाळायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनी त्याच काळात केली. बायकोला लिहायला-वाचायला शिकवले. बायकांनी शिकणे म्हणजे पाप, असे समजणाऱ्यांचा तो काळ होता. घरात सत्ता आपली राहावी असे ज्याला वाटते तो बायकोच्या हातात लेखणी देत नाही. टिळकांनी ती दिली. त्या लेखणीने पुढे काय लिहिले ते आपण शेवटी पाहणार आहोत.

रेल्वेतील भेट

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरात होते. तिथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करत आणि ‘ऋषी’ नावाचे धार्मिक मासिक चालवत. १८९३ साली नोकरीच्या शोधात राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक परदेशी मिशनरी भेटला. बोलणे झाले आणि त्याने जाताना हातात बायबल ठेवले. टिळकांनी ते केवळ दिलेल्या शब्दाला जागायचे म्हणून वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर मात्र त्यांना पुस्तक खाली ठेवता येईना.

या प्रवचनात काय आहे हे आपण जाणतो. प्रभू येशू तिथे नुसत्या खुनाविषयी बोलत नाही, तर भावावर केलेल्या रागाविषयी बोलतो. नुसत्या व्यभिचाराविषयी नव्हे, तर नजरेविषयी बोलतो. म्हणजे कोर्टात ज्यांचा खटला चालत नाही, शेजाऱ्यांना जे दिसत नाही, त्या रोजच्या पापांविषयी बोलतो. तापट स्वभावाच्या माणसाने हा अध्याय वाचावा आणि त्याच्या प्रेमात पडावे, हा देवाच्या कृपेचाच भाग आहे. शिवाय टिळक वारकरी संतांच्या अभंगांवर वाढलेले होते. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले असे ते मानत, आणि पुढे त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतूनच गायिली. ज्या नामदेवांचे नरसी हे गाव आपल्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्या संतपरंपरेची बोली टिळकांनी ख्रिस्तमंदिरात आणली. आपल्याकडे म्हणूनच ती परकी वाटत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

सर्वात मोठा मोह

आता खरी परीक्षा सुरू झाली. नातेवाइकांच्या दृष्टीने टिळक मेल्यासारखेच झाले. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. या दांपत्याने आधी अपत्यवियोग सोसला होता. आता पदरात लहानगा दत्तू होता. त्याला घेऊन त्या आपल्या माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढची चार-पाच वर्षे हे घर दुभंगलेले राहिले.

अशा वेळी बापापुढे कोणता मोह उभा राहतो? दारूचा नव्हे, पैशाचाही नव्हे. आपले खरे आहे, मग घरच्यांनी ते मानलेच पाहिजे, हा तो मोह. आणि तो वाईट गोष्टीच्या रूपाने येत नाही. तो धर्माचे रूप घेऊन येतो, मुलाच्या भल्याचे रूप घेऊन येतो. समाजाने नवऱ्याला सर्व अधिकार दिले होते. कायदाही त्यांच्या बाजूला उभा राहिला असता. धर्मांतरामुळे जोडीदार सोबत राहायला तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला कोर्टात जाऊन ठरावीक मुदतीनंतर विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या एका कायद्याने केलेली होती. टिळक दुसरे लग्न करून नवा संसार थाटू शकले असते.

त्यांनी यातले काही केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, अपमान सोसत राहिले आणि वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहायला आल्या, त्याही आपला धर्म सोडून नव्हे. त्यांनी आपले सोवळे पाळले, आपले अन्न वेगळे शिजवले. टिळकांनी त्यात आडकाठी केली नाही. ज्या जातिभेदाचा त्यांना स्वतःला मनापासून तिटकारा होता, तो आपल्याच घरात रोज चुलीपाशी दिसत होता. तरी त्यांनी हुकूम सोडला नाही. जो माणूस क्षुल्लक कारणावरून भडकत असे, तोच या सर्वात मोठ्या गोष्टीत धीर धरून राहिला.

लक्ष्मीबाईंचे मन हळूहळू आणि आतून बदलले. माणसामाणसांतील उच्च-नीच हे देवाने केलेले नाही, माणसाने केलेले आहे, हे त्यांना स्वतःला उमगले आणि त्यांनी सोवळे सोडले. १९०० साली लक्ष्मीबाई आणि दत्तू यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याने ओढत नेलेली बाई ती नव्हती. ती आपल्या पायांनी चालत आली होती. म्हणूनच पुढे नवरा गेल्यावरही तिचा विश्वास ढळला नाही.

राग आणि सरपंच

संत थॉमस अक्विनास या महान तत्त्वज्ञाने मनाच्या विकारांविषयी फार उपयोगी विचार मांडला आहे. तो मूळचा ॲरिस्टॉटलचा. मालक गुलामावर जशी सत्ता चालवतो, तशी बुद्धी हातापायांवर चालवते. हात उचल म्हटले की हात उचलला जातो. पण राग, लोभ, वासना यांच्यावर बुद्धीची अशी सत्ता नसते. ते आपले ऐकतात आणि कधी कधी उलटही बोलतात. आपल्या भाषेत सांगायचे तर बुद्धी ही गावच्या सरपंचासारखी आहे. सरपंचाला गावावर लाठी चालवता येत नाही. त्याला बैठक घ्यावी लागते, समजूत काढावी लागते, आज नाही ऐकले तर उद्या पुन्हा सांगावे लागते. एकदा निश्चय केला आणि राग संपला, असे होत नाही. रोजच्या लहान लहान प्रयत्नांनीच सद्गुणाची सवय जडते.

टिळकांचा राग शेवटपर्यंत गेला नाही. तो जितक्या वेगाने चढे तितक्याच वेगाने उतरे, आणि उतरल्यावर ते एखाद्या लहान मुलासारखे होत. घरातील भांडणे हसण्यावर संपत. आपण म्हणाल, यात आदर्श तो कोणता? आमच्या मते आदर्श हाच की त्यांनी रागाला घरात मुक्कामाला ठेवले नाही. पुष्कळ घरांत बाप चिडतो आणि मग चार दिवस अबोला धरतो. मुलांना वाटते, बापाचे चुकत नाही, आपलेच चुकले. बापाने मागे फिरायचे, बोलायचे, हसायचे, हे मुलांनी पाहिले, तर क्षमा म्हणजे काय हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

आणि पाहा, ज्या रीतीने मनुष्य स्वतःच्या विकारांवर सत्ता चालवायला शिकतो, त्याच रीतीने तो घरावर सत्ता चालवतो. स्वतःला समजावणारा माणूस बायको-मुलांनाही समजावतो. लाठीवर विश्वास ठेवणारा दोन्हीकडे लाठीच शोधतो, आणि दोन्हीकडे हरतो.

मोठे घर, रिकामा खिसा

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला ईश्वरज्ञानाच्या शाळेत शिकवत, पुढे पाळक झाले, आणि काही काळ राहुरीला राहिले. १८९६ पासून सतत दुष्काळाची वर्षे आली आणि पाठोपाठ प्लेग. या दांपत्याने अनाथ मुलांना घरात घेतले, आजाऱ्यांची सेवा केली. १९१२ पासून अखेरपर्यंत टिळकांनी ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन केले. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘बापाचे अश्रू’ ही त्यांची काव्ये रसिकांना माहीत आहेत. बापाच्या अश्रूंवर काव्य लिहिणारा कवी आपल्याकडे विरळाच.

नगरच्या त्यांच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा हिंदू तरुण मुलासारखा राहिला. तोच आपला बालकवी. टिळकांनी त्याला खाऊपिऊ घातले, शिकवले, त्याच्या कवितेचे कौतुक केले. उपकाराच्या बदल्यात त्याचा धर्म मागितला नाही. बालकवी हिंदूच राहिले आणि टिळकांच्या घराचेही राहिले. १९१८ साली रेल्वे अपघातात त्यांचा अकाली मृत्यू झाला. जी रीत टिळकांनी स्वतःच्या पत्नीशी ठेवली तीच त्यांनी परक्या मुलाशीही ठेवली.

टिळकांची एक उणीवही सांगितली पाहिजे. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजूच्या हातात जाई. दान हे पुण्यच आहे. पण महिना कसा काढायचा याचा विचार लक्ष्मीबाईंना करावा लागे. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. ध्येय मोठे होते यात शंका नाही. पण बापाच्या मोठेपणाची किंमत पुष्कळदा घरातील बाई मुकाट्याने मोजते. जो बाप गावासाठी, पक्षासाठी, मंडळासाठी किंवा चर्चसाठीही झटतो, त्याने घरी विचारूनच हात सैल करावा. ज्याच्यासाठी आपण झटतो तो देव आपल्या चुलीपाशीही बसलेला असतो.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या मुलीला त्यांनी अक्षरओळख करून दिली होती, तिनेच त्यांचे काम शेवटास नेले.

मुलाने मागितलेल्या आठवणी

तो लहानगा दत्तू पुढे देवदत्त नारायण टिळक म्हणून लेखक आणि संपादक झाला. वडिलांचे चरित्र लिहावे असे त्याच्या मनात आले आणि त्याने आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाईंनी लिहायला घेतले, आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ जन्मला. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत आजही त्याची गणना होते.

या पुस्तकात लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचा राग लपवला नाही. त्यांचे घर सोडून जाणे लपवले नाही, पैशाची उधळपट्टी लपवली नाही. आणि मुलाने ते सर्व तसेच छापले. वाचणाऱ्याच्या मनात मात्र टिळकांविषयी तिरस्कार उरत नाही, प्रेम उरते. असे का व्हावे? कारण ते पुस्तक लिहिणारी बाई घाबरलेली नाही. तिला हसता येते, नवऱ्याची चूक दाखवता येते, त्याच्यावर रागावताही येते. ज्या घरात बायको निर्भयपणे खरे बोलू शकते आणि मुलगा ते ऐकू शकतो, त्या घरातल्या बापाने काहीतरी फार चांगले केलेले असते. टिळकांच्या पितृत्वाला याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हाला माहीत नाही.

आपल्या घरांपुरते

बंधूंनो, आपल्यापुढचे मोह आपल्याला ठाऊक आहेत. हळद किंवा सोयाबीनचा पैसा हाती आला की घरी पोहोचण्याआधी वाटेत लागणारे दुकान. ऊसतोडीहून परत आल्यावर मुकादमाकडून राहिलेला हिशेब आणि त्याचा घरच्यांवर निघणारा राग. तोंडातली गुटख्याची पुडी आणि तीच आणायला मुलाला टपरीवर पाठवणे. रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवरची रमी. फोनवर मी गावाला आहे असे सांगणे आणि ते शेजारी बसलेल्या मुलीने ऐकणे. यातले एकही पाप वर्तमानपत्रात छापून येणार नाही. पण घरात प्रत्येकाची नोंद होते. आपल्या घरातही कोणीतरी मनातल्या मनात स्मृतिचित्रे लिहीत आहे. आपली मुले ती पुढे आपल्या मुलांना वाचून दाखवतील.

म्हणून या आठवड्यासाठी आम्ही धर्मग्रामातील सर्व वडिलांना तीन लहान गोष्टी सुचवतो. पहिली, घरात कोणावर राग काढला असेल, तर त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, मुलांच्या देखत समेट करा. दुसरी, या महिन्यातला पैसा कुठे गेला हे पत्नीला सांगा आणि पुढच्या महिन्याचे तिला विचारा. तिसरी, मुलांना प्रार्थनेला बसा म्हणून हुकूम सोडण्याऐवजी आपण आधी गुडघे टेका आणि त्यांची वाट पाहा. पहिल्या दिवशी कदाचित कोणी येणार नाही. टिळकांनी चार-पाच वर्षे वाट पाहिली होती.

ज्यांचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले आहेत त्यांनी खचून जाऊ नये. प्रायश्चित्त संस्कार त्यांच्यासाठीच आहे. मिस्सापूर्वी आम्ही त्यासाठी उपलब्ध असतो. कोणत्याही बापाने संकोच न करता यावे.

नाझरेथच्या घरात प्रभू येशूला वाढवणारे संत योसेफ आपल्या सर्व वडिलांसाठी विनंती करोत. प्रभू आपल्या घरांतील रागाला शांत करो, हातांना प्रामाणिक ठेवो, आणि आपल्या मुलांच्या आठवणीत आपल्याला एक चांगली जागा देवो. आमेन.